नवा पॅटर्न निवडताना फोटो झाका, रेघा बघा

प्रश्न: शिवणक्लास केलेला आहे. साडीवरचे ब्लाउज, साधे कुर्ते स्वतः ड्राफ्टिंग करून शिवते. काही वेगळं करावं म्हणून एका परदेशी डिझायनरचा ड्रेसचा पीडीएफ पॅटर्न विकत घेतला. दुकानात मला एल साईज लागते, म्हणून एल कापला. तयार झाल्यावर गळा मागे पडतोय, शोल्डर उतरतायत आणि छातीवर मात्र ओढ बसतेय. पुन्हा असंच होणार असेल तर पॅटर्नवर पैसे घालावेत का? घालायचे तर निवडायचा कसा? घरात खणाचं कापड पडून आहे, त्याला काय चालेल?

उत्तर:

आधी झालेला ड्रेस. तुम्ही सांगितलेल्या तिन्ही तक्रारींचं कारण एकच आहे. साईज तुमच्या अंगाला मोठी झाली आणि तरी छातीला कमी पडली. गळा, शोल्डर, मुंढा (बाही जोडतो ती गोलाई) हा भाग हाडांच्या मापावर बसतो. छातीचा उभार हे वेगळं माप. छातीची टेप एक आकडा देते, पण त्यात पाठ किती आणि पुढा किती हे कळत नाही. म्हणून दोन मापं घ्या. एक वरची छाती, म्हणजे काखेतून, उभाराच्या वरून, टेप जरा घट्ट धरून. दुसरी नेहमीची, टक्स पॉइंटवरून, म्हणजे उभाराच्या टोकावरून. मोठ्या पॅटर्न कंपन्या या दोहोंत साधारण २ इंचांचा फरक धरून चालतात. तुमच्यात तो ३-४ इंच असेल, तर नेहमीच्या छातीवरून काढलेली साईज खांद्याला मोठीच येणार.

आकड्यात सांगते. वरची छाती ३४, नेहमीची ३८ अशी बाई असेल, तर ३८ची साईज न घेता ३६ छातीची घ्यायची आणि फक्त पुढच्या भागात २ इंच वाढवायचे. वाढवायचे म्हणजे बाजूच्या शिवणीला जोडायचे नाहीत. कागदावर टक्स पॉइंटपासून खाली सरळ एक रेघ, वर मुंढ्याच्या साधारण मध्यापर्यंत तिरकी एक रेघ, आणि बाजूच्या टक्सच्या (आकार देण्यासाठी शिवलेल्या निमुळत्या घडीच्या) मधून एक रेघ. त्यावर कापायचं, मुंढ्याच्या टोकाला कागद जोडलेला ठेवायचा आणि टक्स पॉइंटपाशी १ इंच उघडायचं. अर्ध्या भागात १, म्हणजे पूर्ण पुढ्याला २. बाजूचा टक्स आपोआप रुंद होतो, खालची कड वरखाली होते ती कागद लावून सरळ करून घ्यायची. गळ्याला, शोल्डरला हातही लागत नाही. पीडीएफमध्ये बहुतेक वेळा सगळ्या साईज असतात, त्यामुळे तो पॅटर्न पुन्हा विकत घ्यावा लागणार नाही. धाकटी साईज छापा आणि एवढं करून बघा.

एल, एम या अक्षरांवर मात्र कधीच जाऊ नका. अमेरिकेत एबेनेझर बटरिक नावाच्या शिंप्याने १८६३मध्ये वेगवेगळ्या मापांचे कागदी पॅटर्न विकायला सुरुवात केली, तेव्हापासून या धंद्याचे आकडे स्वतःच्या वाटेने चाललेत. रेडीमेडच्या दुकानदारांनी गिऱ्हाईक खूश राहावं म्हणून साईजचे आकडे हळूहळू सैल केले, पॅटर्नवाल्या मोठ्या कंपन्यांनी तसं केलं नाही. त्यांच्या बायकांच्या तक्त्यात १४ नंबर म्हणजे छाती ३६, कंबर २८, सीट (नितंबांचं माप) ३८. आता आपल्याकडे छाती ३६ असलेल्या किती जणींची कंबर २८ असते? क्लासमध्ये मी हा तक्ता वाचून दाखवते तेव्हा हशा पिकतो. वर १४, कंबरेला १६ किंवा १८ अशी रेघ वळवून घेण्यात काही गैर नाही, एकाच कागदावर अनेक साईज छापतात त्या त्यासाठीच.

आता निवडायचं कसं. पॅटर्न घेताना फोटो हाताने झाकायचा आणि शेजारी किंवा मागे काळ्या रेघांचं जे साधं चित्र असतं ते बघायचं. फोटोत कापड सुंदर, मुलगी सुंदर, उजेड सुंदर. शिवण कुठे आहे ते दिसतच नाही. रेघांच्या चित्रात दिसतं. टक्स आहेत का, असतील तर कुठून निघतात? छातीवर एकही टक्स नाही, प्रिन्सेस कट (छातीवरून खाली जाणारी लांब उभी शिवण) नाही, योकखाली (वरच्या जोड तुकड्याखाली) चुण्याही नाहीत, तर ते नुसतं पोतं आहे किंवा स्ट्रेच कापडासाठी आहे. भरलेल्या छातीच्या बाईने असा पॅटर्न साध्या कॉटनमध्ये शिवला की मुंढ्यातून छातीकडे तिरकी घडी पडते आणि पुढची उंची वर उचलली जाते. शोल्डरची शिवण जागेवर आहे की दंडावर उतरवलेली? बाही वेगळी लावली आहे की अंगातूनच निघाली आहे? उघडायला चेन कुठे आहे? मागचं चित्र न विसरता बघा. पुष्कळदा सगळी मेहनत मागच्या बाजूला असते आणि फोटो पुढचाच असतो.

इतरांनी शिवून टाकलेले फोटो जरूर बघावेत, पण शोधायचं काय हे ठरवून. हात सरळ खाली सोडलेला एक तरी फोटो शोधा. कंबरेवर हात ठेवून उभं राहिलं की काखेतल्या सगळ्या घड्या लपतात. वेगवेगळ्या बांध्याच्या चार-पाच जणींना एकाच जागी तीच घडी पडत असेल, तर दोष त्यांच्या शिवणकामात नाही, पॅटर्नच्या ड्राफ्टिंगमध्ये आहे. तो सोडून द्या.

दुसरी गोष्ट म्हणजे तयार कपड्याचं माप. आपण ड्राफ्टिंगमध्ये ज्याला लूजिंग (अंगाच्या मापापेक्षा जास्त ठेवलेली ढिलाई) म्हणतो ते प्रत्येक डिझायनर आपल्या मनाने धरतो आणि इथेच सगळी फसगत होते. पॅटर्नवर अंगाच्या मापाचा तक्ता असतो, आणि चांगल्या पॅटर्नवर तयार कपड्याच्या मापाचाही असतो. दोन्ही आकडे वजा करा. अंग ३८, तयार कपडा ४०, म्हणजे २ इंच लूज. हा चापून बसणार, चेन लागणारच. ३ ते ४ इंच म्हणजे आपल्या फिटिंगच्या कुर्त्यासारखा. ५-६ म्हणजे सैलसर. ८-१० दिसले तर तो घोळदार आहे, अंगभर हवा खेळेल, पण एक साईज खाली गेलात तरी चालेल.

हा तक्ता नसेल तर विकणाऱ्याला विचारा. उत्तर आलं नाही तर मी तरी घेत नाही. कागद हातात असेल तर स्वतः मोजता येतं. पुढचा अर्धा, मागचा अर्धा, त्यातून शिवणीची माया (शिवणीबाहेर सोडलेलं कापड) आणि टक्स वजा, मग दुप्पट. तुमच्या कपाटात जो कुर्ता तुम्हाला सगळ्यात चांगला बसतो तो जमिनीवर पसरून काखेतून काखेत मोजा आणि दुप्पट करा. त्याच्याशी पॅटर्नचा आकडा ताडून बघितलात की निम्म्या शंका तिथेच मिटतात. मुंढाही असाच ताडून बघायचा. आपल्याकडे मुंढा उंच आणि घट्ट ठेवायची सवय आहे, परदेशी ड्रेसचा मुंढा खोल असतो आणि हात वर केला की अख्खा ड्रेस वर येतो.

उंचीचं तर विचारूच नका. बुर्डा या जर्मन पॅटर्न कंपनीच्या नेहमीच्या साईज १६८ सेंटीमीटर उंचीच्या बाईसाठी काढलेल्या असतात, म्हणजे साडेपाच फूट. आपल्या पाच फुटी बाईने फक्त खालून उंची कापली तर कंबरेची शिवण सीटवर आणि टक्स छातीच्या खाली येतो. शोल्डरपासून टक्स पॉइंट आणि मागे मानेच्या हाडापासून कंबर, ही दोन मापं पॅटर्नवर मोजून बघा आणि जिथे कमी करायचं तिथेच कागदाला आडवी घडी घाला. बहुतेक पॅटर्नवर त्यासाठी दोन समांतर रेघा दिलेल्या असतात. खूपच बुटकं माणूस असेल तर मुंढ्यातही एक घडी लागते, आणि मग बाहीच्या वरच्या गोलाईतही तेवढीच.

आता पैसे घालावेत का, या मूळ प्रश्नाकडे येते. तुम्हाला ड्राफ्टिंग येतं, म्हणजे तुमच्याकडे अंगाला बरोबर बसणारा एक तरी फर्मा (कागदी साचा) आहे. मग बाजारात दिसणारे निम्मे पॅटर्न तुमच्या घरातच आहेत. फोर टक्सच्या ब्लाउजचा फर्मा घ्या, शोल्डरच्या मध्यापासून टक्स पॉइंटपर्यंत कापा, बाजूचा टक्स मिटवा, वर फट उघडते. ती खालच्या टक्सला जोडली की प्रिन्सेस कट झाला. तोच टक्स गळ्यात नेऊन चुण्या घातल्या की वेगळा टॉप. कुर्त्याच्या फर्म्याला छातीखाली कापून योक, खाली घोळ. बाजूला कळ्या जोडल्या की कळीचा कुर्ता. पुढे एकावर एक पल्ला घेतला की अंगरखा. बाहीत फुगा, बेल, चुण्या, हे तर कागदाला कापे देऊन उघडण्याचं काम. एवढ्यासाठी डॉलर, पौंड मोजायचे? शिवाय विकतच्या पॅटर्नचं फिटिंग पुन्हा पहिल्यापासून करायचं, आणि तुमचा फर्मा आधीच बसतोय.

मग घ्यायचं काय? जे तुमच्या फर्म्यातून निघत नाही ते. पहिला नंबर पँटचा. आसनाची (दोन पायांमधल्या शिवणीची) गोलाई ब्लाउजच्या ड्राफ्टिंगमधून सुचत नाही आणि सलवारीच्या ऐसपैस आसनावर तिचा अंदाजही येत नाही. दुसरा शर्टाचा, पट्टीवर उभ्या कॉलरचा. कॉलर आणि पट्टी यांचं वळण दोन-तीन मिलिमीटरने चुकलं तरी कॉलर मानेपासून फाकते. चांगल्या पॅटर्नमध्ये हे जुळवून दिलेलं असतं आणि कॉलर उलटवायची पायरी चित्राने समजावलेली असते. तिसरा अस्तराचं जॅकेट. पोरांचे कपडेही घ्यायला हरकत नाही. मूल वाढत जातं, पुढच्या साईज त्याच कागदावर असतात आणि फिटिंगची कटकट कमी. टी-शर्टसारखे स्ट्रेच कपडे घ्यायचे तर आधी मशीन बघा. काळ्या पायमशीनवर झिगझॅग नसतो, ओव्हरलॉक बाहेरून करून आणता येईल पण गळपट्टीच्या शिवणी पहिल्या धुण्यात तटतटा तुटतील. शर्टाच्या काजांची काळजी नको, काज-बटण करून देणारा प्रत्येक कापडबाजारात असतो.

साडीवरच्या ब्लाउजसाठी मात्र परदेशी पॅटर्न घेऊ नका. त्यांचे टॉप सहसा इतके चापून बसत नाहीत. आपल्या बाजारात ब्लाउजची तयार पेपर कटिंग मिळतात ती फक्त छातीच्या मापावर असतात. घाईत असताना ठीक, पण शोल्डर आणि टक्स पॉइंट तपासल्याशिवाय कापडावर ठेवू नका.

एका वेळी एकच नवी गोष्ट शिकायची, एवढा नियम मी मुलींना लावून देते. नवी कॉलर असेल तर बाही ओळखीची असू दे. नवी पँट असेल तर कापड ओळखीचं असू दे. पॅटर्नवर लिहिलेल्या सोप्या-अवघड पातळीवर माझा फारसा भरवसा नाही, प्रत्येकाची मोजपट्टी वेगळी. त्यापेक्षा सूचनांची यादी वाचा आणि आपण आजवर न केलेल्या पायऱ्या मोजा. एक-दोन असतील तर घ्या.

कापडाबद्दल. पॅटर्नवर कुठलं कापड वापरावं ते लिहिलेलं असतं आणि आपण ते वाचत नाही. रेयॉन, क्रेप, जॉर्जेट अंगासरशी पडतात; पॉपलिन, खादी, खण उभे राहतात. क्रेपसाठी काढलेला घोळ खादीत शिवला की बाई दुप्पट दिसते. उलट, कडक कॉलरचं जॅकेट रेयॉनमध्ये लोळागोळा होतं. आणि पन्ना, म्हणजे कापडाची रुंदी, बघा. परदेशी पॅटर्नवर कापडाचा अंदाज ४५ किंवा ६० इंच पन्न्याचा असतो, तोही पुष्कळदा यार्डात, आणि यार्ड म्हणजे ३६ इंच, मीटरपेक्षा कमी. आपल्या दुकानात ३६ पन्नाही निघतो. हातमागाचं कापड तर धुतल्यावर आटतं, त्यामुळे आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच मोजा. एकाच दिशेला जाणारी नक्षी असेल तर भाग उलटसुलट ठेवता येत नाहीत, कापड जास्त लागतं.

तुमचा खण. खणाला काठ असतो आणि तो पन्न्याच्या दोन्ही कडांनी लांबीत जातो. हे एक लक्षात ठेवलं की पॅटर्न आपोआप ठरतो. काठ घेराला खाली यायला हवा असेल तर भाग आडवा कापावा लागेल, म्हणजे घेराची उंची पन्न्याइतकीच मिळेल, जास्त नाही. म्हणून कंबरेवर शिवण असलेला आणि खाली सरळ घेराचा पॅटर्न हवा. चुण्यांचा किंवा प्लेट्सचा, कसाही. ए-लाइन किंवा गोल घेर नको. त्याची खालची कड वळणदार असते, काठ सरळ. वळण ठेवलं तर काठ कापला जातो, काठ ठेवला तर बाजूला घेर खाली लोंबतो.

समजा पन्ना ३० इंच आहे. कंबरेची माया सोडून २९ इंचांचा घेर मिळतो, गुडघ्याच्या खाली येईल. काठाची कड मुळातच विणलेली किनार असते, त्यामुळे खाली दुमडायची गरज नाही, पूर्ण २९ वापरता येतात. दुसरा काठ कंबरेकडे जातो, तो आधी कापून ठेवा, बाहीच्या कडेला आणि गळ्याच्या पट्टीला लागेल. त्यामुळे उंची तेवढी कमी होईल, हे धरून चाला. घेर कंबरेच्या दुपटीपेक्षा जास्त नको, खण जाड आणि ताठ असतो, चुण्या फुगतात. तयार कपड्याची कंबर ३६ असेल तर ७२ इंच, म्हणजे दोन मीटरांत घेर बसतो. वरच्या भागासाठी साधारण आणखी एक मीटर, बाही लांब असेल तर सव्वा. वरचा भाग चापून नको, ३-४ इंच लूज ठेवा आणि अस्तर लावाच, ओढ बसली की खणाचे धागे शिवणीपाशी सरकतात. कापण्याआधी एक कोपरा भिजवून पांढऱ्या फडक्यावर दाबून बघा, रंग सुटत असेल तर पांढरं अस्तर लावू नका.

असा वरचा भाग तुमच्या ब्लाउजच्या फर्म्यातून निघेल, लूजिंग वाढवून आणि मुंढा अर्धा-पाऊण इंच खाली घेऊन. खणासाठी वेगळा पॅटर्न विकत घेऊ नका.

पीडीएफ छापताना दोन गोष्टी. अमेरिकन पॅटर्न त्यांच्या लेटर कागदावर बेतलेले असतात, तो आपल्या ए-फोरपेक्षा रुंद आणि आखूड. ए-फोरची फाईल दिलेली असेल तर तीच उघडा. झेरॉक्सवाल्याला निक्षून सांगा, शंभर टक्के साईज, कागदात बसवू नकोस. पहिलं पान छापून त्यावरचा तपासणीचा चौकोन पट्टीने उभा आणि आडवा मोजा. १० सेंटीमीटरच्या जागी ९.६ भरला तर ४० छातीचा कपडा ३८.४ होतो. तीस-चाळीस पानं चिकटवायचा कंटाळा येत असेल तर आर्किटेक्टचे नकाशे छापणाऱ्या दुकानात ए-झिरोची फाईल न्या, एक-दोन मोठ्या कागदांत काम होतं. मूळ कागद कापू नका. ब्राऊन पेपरवर आपली साईज उतरवून घ्या, मूळ गुंडाळून ठेवा.

उतरवताना माया बघा. मोठ्या कंपन्यांच्या पॅटर्नमध्ये दीड सेंटीमीटर माया धरलेली असते, छोट्या डिझायनरांच्या पुष्कळदा एकच सेंटीमीटर, आणि बुर्डाच्या मासिकातल्या पॅटर्नमध्ये माया नसतेच, ती आपण सोडायची असते. आपली पद्धत बाजूला इंच-दीड इंच सोडायची, पुढे अंग भरलं तर उसवून सैल करता येतं. ही सवय मोडू नका. बाजूच्या शिवणींना वाढवून कापा, गळा-मुंढ्याला मात्र दिलेलीच ठेवा, तिथे जास्त ठेवली तर वळण चुकतं.

कुठलाही नवा फर्मा थेट चांगल्या कापडावर ठेवू नका. मांजरपाटाचा (स्वस्त, कोऱ्या सुती कापडाचा) फक्त वरचा भाग शिवा, लांब टाक्यांनी, बाही एकच लावा. बसून बघा, हात वर करून बघा, आरशात पाठ बघा. जुनी चादरही चालते. कापड रेयॉनसारखं लोळणारं असेल तर नमुनाही स्वस्त रेयॉनचाच शिवा, मांजरपाट तिथे खोटं सांगतं.

शेवटचं, तुम्ही विचारलेलं नाही पण पुढे कामाला येईल. विकत घेतलेला पीडीएफ मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकायचा नसतो, तो तुमच्या एकटीच्या वापरासाठी असतो. आणि ऑर्डरी घेऊन शिवायला लागलात तर आधी परवानगीची ओळ वाचा. काही डिझायनर शिवलेले कपडे थोड्या प्रमाणात विकू देतात, काही अजिबात देत नाहीत. स्वतःच्या फर्म्यातून काढलेल्या कपड्याला हा प्रश्नच येत नाही.